रावजींचा जपानी चहा आणि अकलूजची बैठक

रावजी एस.टी.त कंडक्टर होते तेव्हा सोलापूर जिल्ह्यातलं एकेक गाव त्यांना पाठ होतं, आणि गावांपेक्षा गावातली माणसं जास्त. करमाळ्याच्या गाडीत कुणाची पोरगी पदवीधर झाली, बार्शीच्या गाडीत कुणाचा पोरगा नोकरीला लागला, हे सगळं तिकीट फाडता फाडता कानावर पडायचं. निवृत्त झाल्यावर एवढ्या माहितीचं करायचं काय? रावजी सोयरिकी जुळवायला लागले. दलाली नाही, कमिशन नाही. मांडवात फेटा बांधून पुढंपुढं करायला मिळालं की गडी खूष.

पण या कामाला एक खोड आहे. ज्या घरी जाल तिथं चहा, आणि नाही म्हणायची सोय नाही. आपल्याकडे चहा न घेता उठलेला पाहुणा म्हणजे रुसून गेलेला पाहुणा. रावजी दिवसभरात दहा-बारा कप सहज रिचवायचे, बशीत ओतून, फुर्रकन. शेवटी साखरेनं त्यांना गाठलंच. पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा डॉक्टरांनी खडसावलं, "काका, हा गोड चहा आज तोडा, नाहीतर उद्या मला बोट तोडावं लागेल."

चहा सुटला आणि त्याच्याबरोबर रावजींचं बाहेर पडणंही सुटलं. ते घरात बसून राहिले. टीव्हीवरच्या बातम्यांशी भांडायचे, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून वच्छलाबाईंशी भांडायचे. वच्छलाबाई म्हणजे त्यांच्या कारभारीण. त्या एकदा वैतागून म्हणाल्या, "ह्यांची साखर वाढली आन् जीभ कडू झाली."

यावर इलाज काढला तो पिंकीनं. पिंकी त्यांची एकुलती एक लेक, तपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला. तिनं मोबाइलवरून जपानी हिरवा चहा मागवला. पार्सल आलं. रावजींनी पाकीट उघडून वास घेतला आणि मग सोलापुरातल्या कुठल्याही शहाण्या माणसानं केलं असतं तेच केलं. पातेलं चढवलं, मूठभर पत्ती टाकली, आलं ठेचून घातलं आणि खळाखळा उकळलं. जे तयार झालं ते पिऊन ते म्हणाले, "जपानी लोक लई सोशिक हायती."

पिंकी हसून हसून बेजार झाली. मग तिनं विकणारीलाच निरोप धाडला. ती फिरदोस, मूळची सोलापूरचीच, लग्न होऊन पुण्याला गेलेली. जपानहून चहा आणवून ऑनलाइन विकायची. तिनं आवाज रेकॉर्ड करून पाठवला: "काका, उकळतं पाणी ओतलं की पत्ती भाजते. पाणी उतरवा, जरा निवू द्या. घाई करू नका. मग ओता, मिनिटभर थांबा आणि गाळा. पत्ती फेकू नका, तिच्यावर आणखी दोनदा होतो."

रावजींनी तसं केलं. पहिला घोट घेतला आणि लगेच दुसरा. कोवळ्या मक्याच्या कणसासारखी काहीतरी गोडी, मागून किंचित तुरटपणा, आणि पोटात गेल्यावर बराच वेळ जिभेवर रेंगाळणारी चव. पण त्यांना खरं बरं वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. बिनसाखरेचा साधा चहा पिताना दर घोटाला वाटायचं, आपण आजारी आहोत, आपल्याला काहीतरी कमी दिलंय. या चहात काहीच कमी नव्हतं. तो होताच तसा. लेकीनं आपल्याला पथ्य दिलं नाही, चहाच परत दिला, या विचारानं त्यांना भरून आलं.

मग काय विचारता. रावजी स्वतःच ऑर्डरी करायला लागले आणि खाली आपला अभिप्राय लिहायला लागले. तो लिहिण्याची त्यांना एकच पद्धत ठाऊक होती. पहिल्यांदा आलेल्या हिरव्या चहाचं नाव सेन्चा, त्याच्याबद्दल लिहिलं, "स्वभाव नाजूक. गरम बोललेलं खपत नाही. बाकी स्थळ उत्तम." होजिचा म्हणून भाजलेला चहा असतो, त्याच्याबद्दल, "रंग सावळा, पण कुठंही जुळवून घेणारा." ग्योकुरो या सगळ्यांत महागड्या चहाबद्दल, "मोठ्या घरचं स्थळ. आपल्याला झेपायचं नाही, पण एकदा बघून यावं." भाजलेला तांदूळ घातलेला एक चहा वच्छलाबाईंना चुरमुऱ्यासारखा लागला, तो त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवला. फिरदोस हे अभिप्राय वाचून खो खो हसायची आणि दर पार्सलमध्ये एखादी नवी पुडी फुकट घालायची. रावजींनी तिला शेंगाची चटणी कुरिअर केली.

आणि रावजी पुन्हा घराबाहेर पडले. पिशवीत चहाचा डबा आणि छोटी गाळणी. ओळखीच्या घरांत सगळ्यांना ठाऊक झालं, रावजी आले की गरम पाणी द्यायचं. सवयच लागून गेली. आणि तीच पुढं नडली.

दुसऱ्यांच्या पोरींची लग्नं जमवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या पोरीचं काही जमत नव्हतं. तिशी उलटली. एकाला नोकरी सोडणारी हवी होती, एकाला उंची कमी वाटली, एकाच्या पत्रिकेत काय ते निघालं. पिंकी वरवर हसायची, पण हल्ली ती लग्नांना जायचं टाळायची. मग अकलूजचा अमृत आला. शाळेत मास्तर, मोकळा, सरळ. दोघं दोनदा भेटले, फोनवर बोलले. कधी काही न मागणारी पिंकी आईला हळूच म्हणाली, "हे झालं तर बरं होईल." वच्छलाबाईंनी ते रावजींना सांगितलं तेव्हापासून त्यांना झोप नव्हती.

मुलाचं घर बघायला नवरा-बायको अकलूजला गेले. अमृतचे वडील आबासाहेब उसाचे बागायतदार, गोठ्यात चार म्हशी. माणूस अबोल, मिशीतल्या मिशीत बोलणारा. घर नीटनेटकं, गोठासुद्धा धुतलेला. रावजींना सगळं पसंत पडलं आणि ते इतके सैलावले, की अमृतच्या आईनं घरच्या दुधाचा, वेलदोडा घातलेला चहा पुढं केला तेव्हा त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "मला नको ताई. मी माजा घेऊन आलोय."

आणि त्यांनी पिशवीतून डबा काढला.

वच्छलाबाईंनी कपाळाला हात लावायचा तेवढा बाकी ठेवला. दुसऱ्यांच्या बैठका जमवणारा माणूस, व्याह्याच्या घरी आपला चहा घेऊन आला. अमृतची आई ट्रे तसाच धरून उभी राहिली. आबासाहेबांनी डब्याकडं पाहिलं.

"आमच्या घरचं चालत न्हाय व्हय पावनं?" त्यांनी विचारलं.

"तसं न्हवं. मला साखर हाय, म्हणून..."

"साखर मलाबी हाय. बिनसाखरेचा केला आसता की." आबासाहेबांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "थोरल्या पोराच्या टायमाला बी आशेच पावनं आलते. पाण्याला शिवले न्हाईत. मागनं कळलं, आमचं कूळ त्यास्नी हलकं वाटलं. तवापास्नं मी बघतो, कोण पितंय आन् कोण न्हाय."

रावजींच्या डोळ्यांपुढं सारखी पिंकी येत होती. तिनं दिलेला चहाच तिचं घर मोडायला निघाला होता. वच्छलाबाईंनी आपला कप संपवला, दुसरा मागून घेतला, तोही संपवला. पण आबासाहेबांची नजर काही हलली नाही.

"ताई," रावजी शेवटी अजिजीनं म्हणाले, "जरा पाणी तापवून देताव? सगळ्यास्नी करतो. ह्यात माजा चिमूटभर पाला हाय बगा. बाकी पाणी तुमचं, भांडी तुमची."

पाणी आलं, वाफाळतं. आता ते लगेच ओतता येईना. रावजी पातेल्यापुढं मांडी घालून बसले आणि पाणी निवायची वाट बघायला लागले. बाहेर म्हैस हंबरली. अमृतच्या आईला राहवेना. "आजून न्हाय व्हय?" तिनं विचारलं. "घाई केली की कडू हुतो," रावजी म्हणाले. ती पदरात हसली. आबासाहेब मात्र हसले नाहीत.

चार कप भरले. आबासाहेबांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप खाली ठेवला. "लसूणघास हाय ही. म्हशीला घालतो आमी."

संपलं, असं रावजींना वाटलं. त्यांनी खाली मान घालून आपला कप संपवला. मग त्यांची नजर आबासाहेबांच्या कपाकडं गेली. जवळजवळ भरलेला कप, निवत चाललेला. पहिल्या धारेचा चहा, जपानहून आलेला, लेकीनं ओळख करून दिलेला. यातला थेंब कधी त्यांनी टाकला नव्हता. मनात काही नव्हतं. सवयीनं हात पुढं गेला. आबासाहेबांचा उष्टा कप उचलून रावजींनी तोंडाला लावला आणि तळापर्यंत पिऊन टाकला.

कप खाली ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं आपण काय केलं ते. ते ओशाळून म्हणाले, "वाया जातोय म्हणून... चांगला माल हाय आबासाहेब."

आबासाहेबांनी रिकामा कप हातात घेतला, उलटा करून पाहिला. त्यातून थेंबही पडला नाही. त्यांची मिशी जराशी थरथरली. अमृतच्या आईनं डोळ्याला पदर लावला, आणि वच्छलाबाईंना कळेना हसावं की रडावं.

"वच्छलाताई," आबासाहेब म्हणाले, "मालकास्नी सांगा, तारीक काडा. पोरगी आमची झाली."

आजवर रावजींनी दुसऱ्यांच्या पोरींचे बाप रडताना पाहिले होते आणि मनातून त्यांची थोडी थट्टाही केली होती. आता त्यांनी हात जोडले ते सोडवेनात. देवाचे आभार मानावे, फिरदोसचे मानावे, पिंकीचे मानावे की समोरच्या या मानी माणसाचे, त्यांना सुचत नव्हतं. सगळ्यांचेच ते मनातल्या मनात मानत होते.

निघताना अमृतची आई दारात आडवी आली. "दादा, त्यो पाला कुटं मिळतो तेवडं सांगा. आन् पाणी निववायचं किती त्ये बी दाखवा."

"तुमाला आवडला व्हय ताई?"

"न्हाय की," ती म्हणाली. "पर लेकीकडं तुमी येताल, तवा आमाला करता आला पायजे."