मण्यारीवरचा भाग

मेडिकल कॉलेजातले सहकारी मला ‘रेडिओवाल्या बाई’ म्हणायचे. म्हणोत बापडे. नागपुरात बसून आपण स्लाइड दाखवायच्या आणि खेड्यापाड्यातल्या डॉक्टरांनी शहाणं व्हायचं, यावरचा माझा विश्वास केव्हाच उडाला होता. ते लोक मोटरसायकलवर दवाखान्यात जाताना काहीबाही ऐकत असतात, तर मी तिथेच त्यांना गाठणार होते. शहरातल्या सदर भागातल्या माझ्या दवाखान्यात दुपारी पंखा बंद करून मी पॉडकास्ट रेकॉर्ड करू लागले. घामाच्या धारा लागायच्या, पण एकही आठवडा चुकवला नाही.

पावसाळ्याआधी मला मण्यारीच्या सर्पदंशावर एक भाग हवाच होता. मण्यार झोपेत चावते. दुखत नाही, खूणही बहुधा सापडत नाही. पहाटे पोट दुखतं आणि पापण्या जड होऊन खाली येतात, एवढंच. आणि आपल्याकडे पोट दुखलं की रोगीही गॅस म्हणतो अन् डॉक्टरही. माणूस हातचा जातो तो तिथे.

तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणारा माझा एक जुना विद्यार्थी यावर बोलायला आपणहून आला. घरात चटईवर झोपणाऱ्या एका तरुणाला त्यानं गॅसचं इंजेक्शन देऊन परत पाठवलं होतं. पापण्या जड दिसल्या, तर याला वाटलं झोप झाली नसेल. दुपारपर्यंत तो तरुण गेला. माइकसमोर हे सांगताना डॉक्टर ढसाढसा रडला. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं.

“तुझा आवाज बदलून टाकते,” मी म्हटलं. “तुला त्याच गावात राहायचं आहे.”

“नाही मॅडम. आवाज बदलला तं आमच्याकडचे डॉक्टर म्हणतीन, कोनी दुसऱ्या जिल्ह्यातला असन. माहा आवाज वळखला तरच ते पापण्या पाहतीन.” मग म्हणाला, “पण पहिले त्या पोराच्या बायकोले ऐकवतो. ते बाई नाही म्हणे तं पुसून टाका.”

आमच्या एका वरिष्ठांच्या कानावर हे गेलं. “कशाला नसती आफत ओढवून घेता?” म्हणाले. मी भडकले. आफत त्या बाईवर आली सर, तुमच्यावर नाही, असं तोंडावर सांगून मी निघून आले.

पुढच्या आठवड्यात माझा विद्यार्थी परत आला. त्यानं त्या तरुणाच्या बायकोला आपल्या दवाखान्यातल्या बाकावर बसवून सगळं रेकॉर्डिंग ऐकवलं होतं. आपला नवरा वाचू शकला असता, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

“पुरं ऐकलं तिनं. मंग म्हणे, लावा. पण तुमचं रडणं काढा. रडून राहिले तं सांगता काय, तेच समजत नाही.”

मी पंखा बंद केला; तो पाणी प्यायला आणि माइकसमोर पुन्हा पहिल्यापासून सांगायला बसला. एकदाही अडला नाही. पापण्यांपाशी आला तेव्हा फक्त जरा सावकाश बोलला, मोटरसायकलच्या आवाजातही नीट ऐकू यावं म्हणून.