खोडरबरताईंचा पांढरा रंग

वेबसाइटी करणाऱ्यांच्या त्या गटात नवीन येणाऱ्याला दोन गोष्टी आधीच सांगाव्या लागत. एक म्हणजे, बैठक ड्रायव्हिंग स्कूलच्या वर्गात भरते, तेव्हा भिंतीवरच्या वाहतुकीच्या खुणा आणि कोपऱ्यातली सुटी पेडलं बघून आपण भलतीकडेच आलो असं समजून माघारी फिरू नये. दुसरी म्हणजे, पुढच्या रांगेत उजव्या टोकाला बसणाऱ्या बाई काय म्हणतील ते मनाला लावून घेऊ नये. पहिली सूचना बहुतेक जण पाळत. दुसरी पाळणं अजून कुणाला जमलेलं नव्हतं.

या बाईंना समोर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे खोडरबर. कुणाच्याही वेबसाइटचं पान पडद्यावर आलं की ताई डोळे बारीक करून ते बघत, आणि तोंडातून पहिला शब्द निघे तो ‘पुसा’. ही सावली पुसा. हे हलणारं चित्र पुसा. एका गृहस्थांना तर त्यांनी ‘सगळंच पुसा आणि घरी जाऊन जेवून घ्या’ असं सांगितलं होतं. ते गृहस्थ नंतर फोटोग्राफीच्या गटात गेले आणि तिथे सुखात आहेत असं ऐकिवात होतं.

गट ताईंनीच सुरू केला होता. चित्रांचं आणि पानांच्या मांडणीचं सॉफ्टवेअर ऑफिसांत नवं नवं आलं तेव्हा शिकवणारं कुणी नव्हतं. ज्याला जे सापडेल ते त्याने बाकीच्यांना दाखवावं, एवढ्याचसाठी चार टाळकी जमायची. पुढे घरबसल्या शिकवणारे व्हिडिओ आले. खरं तर तेव्हाच गटाचा गाशा गुंडाळायला हवा होता. पण व्हिडिओ काम कसं करायचं ते शिकवतो, तुमचं काम कसं झालंय ते काही सांगत नाही. ते ताई सांगत, आणि शिव्या घालत का होईना, लोक दर महिन्याला ऐकायला येत.

कामं बिननावाची लावायची, ही रीतसुद्धा ताईंचीच. ज्याला काम दाखवायचंय त्याने ते चिटणिसांकडे पाठवायचं. ते नाव काढून एकेक पान पडद्यावर लावणार, सगळे आपापलं मत देणार, आणि ज्याचं काम असेल त्याने मूग गिळून बसायचं. खुलासा नाही, सारवासारव नाही. चिटणीस पेशाने दंतवैद्य होते. दवाखान्याची साइट स्वतःच करावी म्हणून एकदा आले आणि इथेच रमले. जन्मभर लोकांना तोंड उघडायला सांगणाऱ्या माणसाकडे तोंड बंद ठेवायचा नियम सांभाळायचं काम आलं, याची गटात बरीच थट्टा होई.

ताईंना स्वतःच्या एकाच गोष्टीचा अभिमान होता, आणि तो म्हणजे त्यांचा डोळा. संगणकात प्रत्येक रंगाला एक आकडा असतो, तो वाचला की रंग नेमका कोणता ते कळतं. ताई ती आकड्यांची खिडकी कायम बंद ठेवत. ‘आकडे हिशेबनिसाला लागतात,’ असं त्या म्हणत, ‘रंग डोळ्याने निवडायचा.’ दुसऱ्या कुणी आकडा बघून रंग लावलाय हे त्यांना दुरून कळे, आणि मग त्या माणसाची काही खैर नसे.

एका वर्षी, ताई जिथे वेबसाइटी करायच्या त्या ऑफिसात नवी मुलगी आली. मुलगी शांत होती, ताईंशी अदबीने वागे, आणि तिचं काम चांगलं होतं. वाईट असतं तर ताईंनी तिला मायेने शिकवलं असतं. चांगलं होतं, हेच त्यांना झोंबत होतं.

एक दिवस मालकांनी दोघींना बोलावलं. शहराच्या बससेवेला नवी साइट हवी होती. दोघींनी एकेक नमुना करायचा, शनिवारी संध्याकाळपर्यंत थेट बसवाल्यांना पाठवायचा, आणि ते पसंत करतील तिच्याकडे यापुढे वेबचं काम. दुसरीने छापखान्याकडच्या जुन्या फायली बघायच्या. मालक हे सांगताना टेबलावरची टाचणी उचलून परत ठेवत होते. दुसरी म्हणजे कोण, हे त्यांनी मनाशी धरलेलं होतं, आणि ताईंना ते समजलं.

ताईंनी नमुना जीव ओतून केला. मोठी स्वच्छ अक्षरं, बसचं वेळापत्रक मधोमध, आणि पार्श्वभूमीला निव्वळ पांढरा. त्या पांढऱ्यानेच त्यांचा जीव खाल्ला. ऑफिसचा मॉनिटर सगळं पिवळट दाखवतो, अशी त्यांची तक्रार होती. दुरुस्तीवाला आला, बघून ‘ठीक आहे, मॅडम’ म्हणून गेला. ताईंनी त्याच्या नावाने बोटं मोडली आणि पान पांढरं दिसेपर्यंत स्वतःच रंग सुधारत बसल्या. धाकटी बहीण त्यांच्याबरोबरच राहायची. ती एका सकाळी म्हणाली, ‘अगं ताई, एक मोजा काळा आणि एक निळा घालून निघालीस.’ ताई म्हणाल्या, ‘बुटात कोण बघतंय?’ आणि निघून गेल्या.

शनिवारी दुपारी गटाची बैठक होती. कित्येक वर्षांत ताईंनी स्वतःचं काम गटात लावलं नव्हतं. या वेळी त्यांनी गुपचूप दंतवैद्यांकडे पाठवलं. त्यांना भीती वाटत होती. आपण मागे पडलो असू तर ते बसवाल्यांच्या आधी आपल्याच माणसांकडून कळावं, एवढंच त्यांना हवं होतं. बैठक संपल्यावर संध्याकाळपर्यंत दुरुस्तीला थोडा वेळ होता.

पहिली दोन कामं नेहमीसारखी झोडपली गेली. तिसरं ताईंचं लागलं.

‘छान आहे,’ ॲनिमेशनवाला म्हणाला. हा पोरगा साध्या बटणाची अर्धा तास उलटतपासणी घेणारा. ‘म्हणजे एकदम नेटकं.’

‘अक्षरं किती मोकळी वाटतात,’ मागून कुणीतरी म्हणालं.

ताईंना बरं वाटलं. उगाच खोटं कशाला, फार बरं वाटलं. छापखान्याच्या फायली डोळ्यांसमोरून जरा दूर सरकल्या.

मग चित्रकलेच्या बाई बोलल्या. त्या एका शाळेत शिकवत आणि शाळेची साइट सांभाळत. ताईंच्या एका शेऱ्याने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी पुढच्या महिन्यात त्या परत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘मला सगळ्यात आवडलं ते पान निळं ठेवण्याचं धाडस. बसच्या साइटला कुणीही पांढरंच घेतलं असतं.’

‘हो, तो निळा कमाल आहे,’ ॲनिमेशनवाल्याने री ओढली.

ताईंनी पडद्याकडे बघितलं. पडद्यावर पान पांढरंशुभ्र होतं. त्यांनी डोळे मिटून उघडले. पान पांढरंच होतं. आजूबाजूला सगळे माना डोलवत होते, आणि त्या माना त्यांना दिसत नसलेल्या कशाला तरी डोलत होत्या.

नियम होता की ज्याचं काम आहे त्याने बोलायचं नाही. ताई उठून उभ्या राहिल्या.

‘पान कुठल्या रंगाचं आहे?’

सगळे गोंधळले. ‘निळं, ताई,’ चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. ‘फिकट, पण निळंच.’

‘सगळ्यांना निळं दिसतंय?’

सगळ्यांना निळं दिसत होतं.

‘हे माझं काम आहे,’ ताई म्हणाल्या. यावर कुणालाच आश्चर्य वाटलं नाही, हे बघून त्यांनाच वाटलं. ‘ओळखलं होतंत?’

‘डावीकडे एवढी जागा मोकळी दुसरं कोण सोडतं?’ ॲनिमेशनवाला म्हणाला.

‘मग हा निळा चुकलाय असं एकानेही का म्हटलं नाही?’

मग चित्रकलेच्या बाईंनी धीर केला. ‘तुम्ही केलंय म्हणजे काहीतरी विचार करूनच केलं असेल, असं वाटलं.’

‘आणि दुसऱ्या कुणी केलं असतं तर?’

‘पुसा म्हटलं असतं.’

ताई खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘मला ते पांढरं दिसतंय. आत्ताही.’ एवढं बोलायला त्यांना किती जड गेलं ते त्यांच्या आवाजावरून सगळ्यांना समजलं.

दंतवैद्य शेजारी येऊन बसले. ‘ताई, मी दातांचा डॉक्टर. पण हे मोतीबिंदूचं लक्षण वाटतंय. डोळ्यातलं भिंगच पिवळं पडतं, मग पांढरं दिसावं म्हणून माणूस नकळत निळा वाढवत जातो. छोटं ऑपरेशन असतं, अगदी बरं होतं.’

‘आज संध्याकाळच्या आत होतं का?’

‘आज नाही.’

‘मग ते नंतर बघू. आधी हे पान बघा. आणि आता खरं बोला.’

मग खरं सुरू झालं. एकदा सुरू झाल्यावर ते थांबेना. डावीकडच्या मोकळ्या जागेमुळे फोनवर वेळापत्रक खाली ढकललं जात होतं. थांब्याचं नाव शोधायची चौकट सापडतच नव्हती. रात्रीच्या बसची निळी रेघ आणि दिवसाच्या बसची काळी रेघ इतक्या सारख्या होत्या की माणूस भलत्याच वेळी थांब्यावर जाऊन उभा राहिला असता. ताई ऐकत होत्या. काही ठिकाणी त्यांना उलट उत्तर द्यावंसं वाटलं, आणि एकदा त्यांनी तोंड उघडलंही, तेव्हा दंतवैद्यांनी पहिल्यांदाच एखाद्या माणसाला तोंड मिटायची खूण केली.

मांडणीतल्या दुरुस्त्या ताईंनी स्वतःच्या हाताने केल्या. हात अजून पहिल्यासारखाच भराभर चालत होता. रंगाची पाळी आली तेव्हा त्यांनी उठून खुर्ची चित्रकलेच्या बाईंना दिली.

‘आकड्यांची खिडकी उघडू ना?’ बाईंनी घाबरत विचारलं.

‘उघडा.’

बाई एकेक आकडा बदलत गेल्या. प्रत्येक बदलाला ताईंच्या डोळ्यांना पान मळत गेलेलं दिसलं, आधी पिवळसर, मग माळ्यावर पडलेल्या वर्तमानपत्रासारखं. त्यांना हात धरून थांबवावंसं वाटत होतं. जन्मभर ज्या डोळ्यावर भिस्त ठेवली तो सांगत होता की कामाचं वाटोळं होतंय, आणि मागे उभी असलेली सगळी माणसं सांगत होती की आता जमलं, आता सुरेख झालं.

‘हा पांढरा?’ ताईंनी विचारलं.

‘हा पांढरा,’ चित्रकलेच्या बाई म्हणाल्या.

‘माझ्या तोंडावर चांगलं म्हणायचं म्हणून म्हणत नाही ना?’

‘नाही, ताई.’

ताईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. मग पुढे वाकून त्यांनी नमुना बसवाल्यांच्या मेलला जोडला. पडद्यावर त्यांना दिसत होतं ते एक मळकट, पिवळं, कळकट पान. असलं काम त्यांनी कुणाचंही पुढे जाऊ दिलं नसतं. इतरांच्या शब्दावर विसंबून त्यांनी ते पाठवून दिलं.