दुमडलेला कोपरा

तात्या पेशंटच्या तोंडाकडे आधी कधीच बघत नसत. ते बघत दाराबाहेरच्या चपलांकडे. काउंटरवरून मान थोडी तिरकी केली की पायरीवरच्या सगळ्या चपला त्यांना दिसत. मी केबिनबाहेर आले की हळूच म्हणत, "म्याडम, ह्यो काळा जोड सरळ लावून आलाय. बसंल तासभर. ती निळी बघा, एक हितं, एक तितं. तिला आत घ्या."

सुरुवातीला मला याचं हसू यायचं. मी पुण्यात शिकलेली, लग्न होऊन सणसरला आलेली, नव्या दवाखान्याची नवी डॉक्टर. ज्याला नीट उभं राहवत नाही, धाप लागली आहे, पोटात कळ आहे, तो चपला कशाला नीट लावत बसेल, हे मला कुठल्या पुस्तकात कुणी शिकवलं नव्हतं. निळ्या चपलेवाली बाई आत आली तेव्हा तिला एकशे चार ताप होता. त्यानंतर मी हसले नाही.

पेशंट आत गेला की तात्या बाहेर जाऊन त्याच्या चपला सरळ करून ठेवत. उलटी पडलेली चप्पल त्यांना बघवायची नाही.

तुमच्याही माहितीच्या एखाद्या दवाखान्यात असा माणूस असेल. डॉक्टरचं नाव पाटीवर असतं आणि दवाखाना चालतो त्याच्यावर. अशा माणसाचं आपण तोंडभर कौतुक करतो आणि ते खरंही असतं. पण मी हे लिहितेय ते तेवढ्यासाठी नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये एक केसपेपर पडून आहे, आणि त्याच्याबद्दल एका बाईला सांगायचं मी पाच महिने टाळलं.

तात्यांची आधीची नोकरी साखर कारखान्याच्या गेटवरची. उसाच्या गाड्यांचे नंबर लावायचे. ते रिटायर झाल्यावर माझ्या सासऱ्यांनीच त्यांना माझ्याकडे आणून बसवलं. "रांग मोडू देत न्हाय हा माणूस," एवढीच शिफारस. मला हवी होती कॉम्प्युटर येणारी मुलगी, आणि समोर बसले पांढरा लेंगा, पांढरी टोपी आणि खिशाला दोन पेनं. मी आठवडाभर तोंड फुगवून होते.

आठव्या दिवशी एक मोठं प्रस्थ आलं. गाडी थेट पायरीला लागली, बरोबर दोन माणसं. त्यांना नंबर नको होता, नुसतं बीपी बघायचं होतं. तात्या उठून उभे राहिले, खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "सतरावा नंबर हाय, साहेब. गेटवर बी गाडी मोठी म्हणून ऊस आधी उतरत नव्हता." साहेब सतराव्या नंबरापर्यंत बसले. जाताना तात्यांच्या पाठीवर थाप मारून गेले. मला असं जन्मात जमलं नसतं. मी एक तर भांडले असते, नाहीतर मुकाट्याने आत घेतलं असतं.

मग त्यांनी केसपेपरची पद्धत बसवली. पेशंट तातडीचा असला की पेपराचा वरचा कोपरा एकदा दुमडायचा. दोनदा दुमडलेला असला तर त्याचा अर्थ, बरोबरच्या माणसांना बाहेर काढा आणि मग बोला. एकदा घाईत माझ्या हातून एक कोपरा फाटला, तर तात्यांचा चेहराच उतरला. पूर्वी मयताची बातमी कळवणाऱ्या पत्राचा कोपरा फाडलेला असायचा. त्यांनी तो पेपर घेतला आणि सगळा नव्याने लिहून काढला. "दुमडायचा, म्याडम. फाडायचा न्हाय."

निरवांगीची एक सून आली होती, कोऱ्हाळ्याची लेक. बरोबर सासू. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं आणि तपासण्यांचे रिपोर्ट आले होते. सासू काउंटरवर हात टेकून उभी, "काय आलंय त्यात? दोष कुणात हाय ते सांगा." रिपोर्ट तात्यांच्या हाताखालीच होते. त्यांनी ते वाचले नव्हते, कुणाचेच वाचत नसत. "रिपोर्ट ज्येचा त्येला, आत्याबाई," ते म्हणाले, "आन् तुमचं वजन करायचं ऱ्हायलंय की." मग वजन झालं. मग उंची. मग काटा बरोबर दाखवत नाही म्हणून पुन्हा वजन. तेवढ्या वेळात दोनदा दुमडलेला पेपर आणि ती पोरगी माझ्यासमोर होती. तिला पंधरा मिनिटं रडायला मिळाली. बाहेर सासू विचारत होती, "वजनाला एवढा येळ लागतो व्हय?"

दुपारी पेशंट संपले की ते वही उघडून फोन लावत. साखर, बीपी, टीबी, ज्यांनी परत यायला हवं होतं आणि आले नाहीत त्यांची ती वही. "गोळ्या संपून आठ दिवस झालं. का बरं झालो म्हणून तुमीच ठरवलं?" पलीकडचा काहीतरी सबब सांगे. तात्या शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "बरं. मग शुक्रवारी या." माणूस शुक्रवारी येई. गावातले किती जण त्या वहीमुळे अजून हिंडताहेत, हे मला माहीत आहे. त्या हिंडणाऱ्यांना स्वतःला माहीत नसेल.

आणि मला सांभाळायचं कामही त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. मी तापट आहे, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेल. एकदा मी एका म्हाताऱ्याला गोळ्या चुकवल्या म्हणून फार बोलले. तो निघून गेल्यावर पुढचा पेशंट आतच येईना. पाच मिनिटांनी तात्या चहा घेऊन आले. "बाकीचा नंबर थांबवलाय," ते म्हणाले, "आता तुमचा हाय. च्या घ्या." सकाळी माझ्या आईला पुण्यात ॲडमिट केलं होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही.

अशी बारा वर्षं गेली.

गेल्या हिवाळ्यात तापाची साथ होती. त्या दिवशी पेशंटची रांग पायरीखाली गेली होती आणि मला तीनपर्यंत बारामतीला नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्याला पोचायचं होतं. मी सकाळपासून घड्याळाकडे बघत होते. पेपर येत गेले, कोपरे बघत गेले. दोन वाजता गठ्ठा संपला आणि तळाला एक पेपर राहिला. नाव ओळखीचं वाटेना. वय वर्षे सत्तर, राहणार सणसर. बारा वर्षांत मी तात्यांचं पूर्ण नाव कधी वाचलंच नव्हतं.

"हे काय, तात्या?"

ते दारात उभे होते. "काय न्हाय. छातीत जळजळतंय सकाळधरनं. पित्त आसंल. म्हणलं सगळी संपल्यावर दाखवावं."

मी पेपराचा कोपरा पाहिला. सरळ होता. पर्स उचलता उचलता बाहेर नजर टाकली, तर पायरीवर एकच जोड उरला होता, भिंतीला टेकून नीट लावलेला. मी पित्ताची गोळी त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हटलं, "उद्या नीट बघू. पहिला नंबर तुमचा."

"चालंल की," ते म्हणाले. पेपर त्यांनीच माझ्या हातातून घेतला आणि दुसऱ्या दिवशीच्या गठ्ठ्यावर ठेवला.

ईसीजीचं मशीन माझ्या खुर्चीपासून चार हातांवर होतं. दहा मिनिटांचं काम. कोपरा दुमडणारा माणूसच आजारी होता, तो स्वतःचा कोपरा कधीच दुमडणार नव्हता. सगळ्या गावाच्या चपला सरळ करणारा माणूस स्वतःच्या तेवढ्या वाकड्या टाकेल, असं मला कसं वाटलं? हे शेंबड्या पोराला कळलं असतं. मला कळलं नाही, कारण मला साखरपुड्याला जायचं होतं.

पहाटे त्यांना बारामतीला नेताना वाटेतच सगळं संपलं. सकाळी मी दवाखाना उघडला तेव्हा तो पेपर गठ्ठ्यावर सगळ्यात वर होता.

आता भिंतीवर टोकनचं यंत्र बसवलंय. काउंटरवर सुनंदाताई असतात, कामाला चोख आहेत. यंत्र नंबर पुकारतं आणि माणसं उठतात. पण दर दोन पेशंटमागे मी एकदा उठून दारापर्यंत जाते. पाणी प्यायला जाते, असं सुनंदाताईंना वाटतं.

गेल्या महिन्यात अशीच गेले, तर पायरीवर एक जुनी तपकिरी चप्पल उलटी पडली होती आणि तिची जोडीदारीण दोन हात लांब. मी वाकून दोन्ही सरळ केल्या. आत बाकावर तात्यांच्या घरच्या बसल्या होत्या. मी त्यांना काकू म्हणते. हातातलं टोकन एकवीस नंबरचं, आणि आत्ता कुठे बारावा संपला होता.

"काकू, आत चला."

"माझा नंबर न्हाय आजून."

"चला तुम्ही."

बाकीच्यांनी पाय आवरून वाट दिली. बीपी वाढलेलं होतं, पण घाबरण्याइतकं नाही. डोकं जड होतं, झोप नव्हती. मी गोळी लिहिली. मग त्यांच्या पेपराचा कोपरा दोनदा दुमडला आणि त्यांच्याबरोबर आलेल्या पुतणीला म्हटलं, तू जरा बाहेर बस.

ड्रॉवर उघडून मी तात्यांचा पेपर त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. पित्ताची गोळी, घड्याळ, साखरपुडा, मशीन. काही झाकलं नाही. काकू पेपरावरून हात फिरवत राहिल्या. त्यांना वाचता येत नाही.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "सकाळीच म्हणलं हुतं, जाताच दाखवा. तर म्हणालं, लोकं ताटकळल्यात, मी नंबरानं जाईन."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी चांगलं जेवलं की. म्हणालं, उद्या पयला नंबर हाय माझा, म्याडमनी स्वतः दिलाय." त्या थोडं हसल्या. "लई खूश हुतं. सकाळी घालायला कापडं बी काढून ठेवली हुती, धुतल्याली."

मी रडले, आणि काकू माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवून बसून राहिल्या. बाहेर यंत्राने तेरावा नंबर पुकारला. काकू उठायला लागल्या.

"बसा," मी म्हटलं. "अजून तुमचाच नंबर चालू आहे."