गोड न खाणारा भाऊ

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला कामावर सगळे 'भिंगरी' म्हणत. वय बावन्न, पण एका जागी बूड टेकेल तर शपथ. जेवतानाही एक पाय हलत असायचा.

त्याच्या थोरल्या भावाला मधुमेह. मागच्या वर्षी पायाचं एक बोट कापावं लागलं होतं. तेव्हापासून दादा भेटला की भिंगरी ऐकवायचा, "जिभेला लगाम घातला असतास तर ही वेळ आली नसती." स्वतः बिनसाखरेचा चहा प्यायचा. तळलेलं मात्र भरपूर. पोट पुढे आलं होतं, पण ते म्हणे वयाचं.

कंपनीने सगळ्यांचं रक्त तपासून घेतलं. रिपोर्टला दोन दिवस होते. तेवढ्यात याने लॅबला चार फोन केले. कागद हाती आला. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, भरमसाट, चांगलं कोलेस्टेरॉल तळाला. आणि साखर? तीही रेषेपलीकडे.

"दुसऱ्याच कुणाचा कागद आलाय," तो बायकोला म्हणाला.

"अहो, नाव तुमचंच आहे," ती म्हणाली. "आणि पोटही."

डॉक्टरीणबाईंसमोर तो खुर्चीच्या कडेवर बसला. "मी गोड खातच नाही हो!"

"नुसत्या गोडाचा प्रश्न नसतो. पोटात, यकृतात चरबी साठली की शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. मग रक्तातली चरबी बिघडते, साखरही चढते. पुरुषांची चरबी पोटावरच आधी बसते. त्यात तुमच्या घरात मधुमेह आहेच."

तिथून तो तडक दादाकडे गेला. दारातच उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. दादाने कागद वाचला, नीट घडी घातली.

"मलाही गोड कधी फारसं आवडत नव्हतं," दादा म्हणाला. "तू विचारलंच नाहीस."

भिंगरी दाराची कडी उगाच वर-खाली करत राहिला. "चुकलं माझं," तो कसंबसं म्हणाला. मग लगेच, "तुझं कोलेस्टेरॉल कधी तपासलंस?"

"दोन वर्षं झाली असतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे उपाशीपोटी लॅबच्या दारात हजर. दादाचं कोलेस्टेरॉलही वाढलेलं निघालं; ते उतरवायची गोळी सुरू झाली. भिंगरीने तळलेलं सोडलं, तसं ट्रायग्लिसराइड तीन महिन्यांत बरंच उतरलं, साखर जेमतेम हलली; तिच्यासाठी त्यालाही गोळी लागली.

आता संध्याकाळी दोघे चालायला जातात. दादाची चाल सावकाश. भिंगरी पुढे सुटतो, वळतो, दादापर्यंत परत येतो, पुन्हा पुढे जातो.