वार्सिनीचा नदीकाठचा तुकडा

वार्सिनी एका जागी बसलेली मी फारशी पाहिलीच नाही. क्योतोत परदेशी विद्यार्थ्यांच्या कुटुंबांसाठी विद्यापीठाची एक इमारत होती, तिथे आमची दारं समोरासमोर होती. माझा नवरा अंबरीष आणि तिचा हेर्मान्तो, दोघंही पीएच.डी.च्या मागे लागलेले. आम्ही दोघी त्यांच्यासोबत आलेल्या. ती माझ्याकडे चहाला यायची, कप हातात घ्यायची आणि खिडकीशी जाऊन उभी राहायची. मग गॅलरीत, मग जिन्यात.

"बस की जरा," मी म्हणायचे. आमची दोघींची भाषा म्हणजे मोडकी जपानी आणि त्यात चिमूट चिमूट इंग्रजी. ती हसून बसायची आणि चहा संपायच्या आत पुन्हा उठायची.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात आम्ही दोघींनी चहा खुडायचं आरुबाइतो, म्हणजे थोड्या दिवसांचं रोजंदारीचं काम धरलं. उजीच्या पलीकडे डोंगरात ओकुमुरा नावाच्या आजींचा चहाचा मळा होता. पहिल्या पानांची खुडणी हाताने करायची, म्हणून दरवर्षी त्यांना बायका लागायच्या. वार्सिनीची पाच वर्षांची मुलगी सेकार दिवसभर होइकुएन म्हणजे पाळणाघरात असायची. मळ्यात मात्र वार्सिनी वेगळीच दिसायची. पाठ वाकवून ओळीतून सरकताना तिचं भिरभिरणं थांबायचं. मला वाटलं, हिला उन्हाचीच भूक होती.

मळ्याच्या वरच्या अंगाला उतारावर पाडलेल्या शेताच्या दोन पायऱ्या पडीक होत्या. चहाची झाडं डोक्याच्या वर गेलेली, मधून बांबू घुसलेला. डबा खाताना वार्सिनीने विचारलं, "हे कुणाचं?"

"माझंच," आजी म्हणाल्या. "मुलगा टोकियोत बँकेत आहे. त्याला नकोय. मी आहे तोवर खालचं बघते. नंतर बांबू खाली उतरेल."

आजींनी हे अगदी सहज सांगितलं आणि त्या लोणचं वाढायला लागल्या. वार्सिनीचा घास मात्र हातातच राहिला. परतीच्या गाडीत जागा असूनही ती दाराशी उभी होती, म्हणून मीही उठून तिच्याजवळ गेले.

"आमचं गाव सुमात्रात, रबराच्या मळ्यातलं," ती अचानक बोलायला लागली. "पणजोबांना जावाहून बोटीत घालून मजुरीला आणलं. डच लोकांची कंपनी होती. पहाटे उठायचं, झाडाच्या सालीला तिरकी चीर द्यायची, वाटीत चीक साठला की गोळा करायचा. आजोबांनी तेच केलं, बाबांनीही तेच. मालक बदलले, काम तेच. राहायची खोली कंपनीची, विहीर कंपनीची. मेल्यावर पुरायची जागासुद्धा कंपनीचीच."

"आणि आता?"

"बाबांनी नदीकाठचं रान साफ केलं. कंपनीचं काम आटपून दुपारी जायचे. मी रबराची रोपं डोक्यावरून वाहिली आहेत, नीलिमासान. मान आखडायची. गावच्या प्रमुखाने तो तुकडा त्यांच्या नावावर करून दिला. आमच्या घराण्यात पहिल्यांदा कुणाच्या नावावर जमीन आली. जाताना त्यांनी ती माझ्या नावावर केली. भावाला कंपनीत नोकरी होती ना."

तो तुकडा आता एका पाम तेलाच्या कंपनीला हवा होता. आजूबाजूच्यांनी देऊन टाकला होता आणि भाऊ फोनवरून मागे लागला होता, तूही देऊन टाक म्हणून. वार्सिनी प्रत्येक वेळी "बघू" म्हणून फोन ठेवायची.

सप्टेंबरात टीव्हीवर सुमात्रा दिसायला लागला. पाऊस लांबला होता आणि जंगलं पेटली होती. कुणी म्हणत होतं, पामसाठी रान साफ करायला लावलेली आग आहे, कुणी म्हणत होतं दुष्काळामुळे लागली. पडद्यावर नुसता पिवळा धूर आणि त्यात तोंडाला फडकी बांधलेली माणसं. वार्सिनी बातम्या लागल्या की टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहायची, जणू धुराच्या मागचं तिला दिसणार होतं. दिवसातून कितीतरी वेळा ती इमारतीखालच्या हिरव्या सार्वजनिक फोनपाशी जायची. फोन लागत नव्हता. कचऱ्याच्या दिवशी तिने जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत बाटल्या भरल्या, तर शेजारच्या बाई पिशवी परत घेऊन दारात आल्या. वार्सिनी त्यांची माफी मागता मागताच पायात चपला सरकवून पुन्हा फोनकडे निघाली.

शेवटी फोन लागला. मी जवळच होते. ती फार थोडं बोलली. फोन ठेवून म्हणाली, "नदीकडचा अर्धा भाग वाचला. वरचा गेला."

"झाडं परत लावता येतील," मी म्हणाले.

"कोण लावणार?"

त्या आठवड्यात हेर्मान्तोचं आणि तिचं जोरात भांडण झालं. तो स्वभावाने शांत माणूस, मेदान शहरात वाढलेला. त्याने मला आणि अंबरीषला समजूत घालायला बोलावलं. "थीसिस संपत आलाय," तो म्हणाला. "हिला त्या मळ्यातून बाहेर पडायला किती कष्ट पडले ते मला माहीत आहे. आता मुलीला घेऊन परत तिथेच?"

"मुलीला नेत नाही," वार्सिनी म्हणाली. "दोन महिन्यांत येते."

सेकार कोपऱ्यात चित्र रंगवत होती. वर न बघता ती जपानीत म्हणाली, "मी जाणार नाहीच." वार्सिनीने तिच्याकडे पाहिलं आणि ती भांडी घासायला उठली. भांडी आधीच घासलेली होती.

डिसेंबरात ती गेली. दोन महिन्यांचे चार झाले. सेकारला होइकुएनमधून मी सायकलवर आणायचे. हेर्मान्तो प्रयोगशाळेतून दमून यायचा, भात लावायचा आणि न जेवता खुर्चीत बसून राहायचा. तिकडे इंडोनेशियात दंगे झाले, सरकार पडलं. वार्सिनी फोनवर म्हणायची, "आता निघाले तर लोक उरलेल्या जागेतही पाम घुसवतील."

ऑगस्टच्या सुट्टीत हेर्मान्तो तिला आणायला निघाला. सेकार रडत, लाथा झाडत टॅक्सीत बसली. तीन आठवड्यांनी तो परत आला, तो एकटाच.

"काय झालं?" अंबरीषने विचारलं.

"निघायच्या दिवशी सेकार सापडेना," तो म्हणाला. "सगळं गाव शोधत होतं. ती नदीत पोरांबरोबर मासे पकडत होती. हाक मारली तर आमच्या भाषेत ओरडली, येत नाही म्हणून. इथे पाच वर्षं मी तिच्याशी आमच्या भाषेत बोललो, पण तिने कधी त्या भाषेत उत्तर दिलं नव्हतं." तो रागावला होता की हसत होता, कळेना. "वार्सिनीने मला सांगितलं, तू थीसिस संपव. मी काय बोलणार?"

तो पुढच्या वसंतात डॉक्टर झाला आणि नागोयात एका कंपनीच्या संशोधन विभागात लागला. गावी त्याच्या शिक्षणाला काम नव्हतं आणि तिला गावाबाहेर चैन नव्हतं. मग वर्षातून दोनदा एकमेकांकडे जायचं, असं त्यांनी ठरवलं. दोघांनाही ते मनापासून मान्य नव्हतं, पण दोघांनीही ते पाळलं.

नव्याण्णवच्या शेवटी वार्सिनीचा मला फोन आला. तालुक्याच्या गावातल्या फोनच्या दुकानातून बोलत होती. जळालेल्या भागात तिने नवी रोपं लावली होती. चीक मिळायला अजून पाच-सहा वर्षं होती, म्हणून तोवर मधल्या जागेत केळी. तीन बाजूंना पाम उभा राहिला होता. भाऊ तिच्याशी बोलत नव्हता, पण त्याची बायको गुपचूप मदतीला यायची.

"बरी आहेस ना?" मी विचारलं.

"माहीत नाही. इथे असले की वाटतं हेर्मान्तो काय खात असेल. त्याच्याकडे जाऊन आले की वाटतं रोपांचं काय झालं असेल. कुठेच नीट बसवत नाही."

"तू इथेही बसत नव्हतीस."

ती खळखळून हसली. मागे बसचा हॉर्न वाजला.

"जाते, नीलिमासान. उजेड आहे तोवर पोचायला हवं. रानडुकरं येतात, कोवळी रोपं मुळासकट उपटतात. सेकार एकटीच डबा वाजवत बसली असेल."