रांगोबाचे कान

धंद्यात त्याला सगळे रांगोबा म्हणत. ठेवणाऱ्याने ते नाव कुचेष्टेने ठेवले, पण याने ते बिरुदासारखे मिरवले. लोकांच्या घरी सिनेमाचे स्पीकर बसवायचे हे त्याचे काम, आणि सबवूफरची जागा शोधावी तर त्यानेच.

सबवूफर म्हणजे खर्जाची पेटी. मोठी लहरी. कोपऱ्यात ठेवली की घर घुमते, हातभर सरकवली की रुसून मुकी होते. म्हणून रांगोबा उलटे करी. पेटीला मानाच्या पाहुण्यासारखे, ऐकणाऱ्याच्या जागी, सोफ्यावर बसवी आणि आपण भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर रांगत ऐकत जाई. जिथे खर्ज भरीव आणि एकसारखा लागे, ते पेटीचे घर. आवाज मोजायचे मीटर पिशवीच्या तळाशी पडलेले असे. गिऱ्हाईकाने विचारले, "बरोबर बसलाय ना?" की हा म्हणे, "मला काय विचारता? माझ्या कानाला विचारा."

गेल्या उन्हाळ्यापासून मात्र कानात काहीतरी बिनसले होते. दूर कुठे गिरणी चालावी तशी घरघर. सर्दी असेल म्हणून त्याने कोमट तेल घातले आणि गप्प राहिला. मग फोन येऊ लागले. "अहो, वरच्या मजल्यावरचे भांडायला आलेत!" "संवाद ऐकूच येत नाहीत, नुसता दणदणाट." रांगोबा सांगे, हल्ली भिंतीच पातळ बांधतात. कान गेले तर आपल्याकडे उरते काय, हा प्रश्न रोज मनाच्या दारात येऊन उभा राही. तो दार उघडत नव्हता.

त्या दुपारी तो थोरल्या बहिणीकडे पेटी लावायला गेला. पेटी सोफ्यावर चढवून त्याने चाचणीचे सूर लावले; खर्ज एकेका सुराने चढत जाऊ लागला आणि हा रांगू लागला.

"आई म्हणायची, तू लहानपणी रांगलाच नाहीस," ताई स्वयंपाकघरातून ओरडली. "बसलास तो थेट उभाच राहिलास. आता फेड म्हणावं!"

"फेडतोय. तू जरा गप्प बस."

पडद्यामागे, टेबलाखाली, दाराआड. कुठेच काही लागेना. त्याने आवाज वाढवला. पुन्हा रांगला. पुन्हा वाढवला.

"अरे, बंद कर!" ताई दारात येऊन उभी राहिली. "फळीवरची झाकणं नाचायला लागलीत. माझ्या छातीत धडधडतंय."

"एवढ्यात? आत्ता कुठे लागायला लागलाय."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. त्या बघण्याने त्याचे लक्ष जमिनीवर टेकलेल्या आपल्या हाताकडे गेले. फरशी थरथरत होती. तळव्याला जे कळत होते, ते कानापर्यंत पोचतच नव्हते.

त्याने पिशवी उपसून मीटर काढले. पंच्याहत्तर डेसिबलला बसवायचा आवाज नव्वदीच्या पार गेला होता. त्याने पेटी बंद केली. कानातली गिरणी तेवढी चालू राहिली.

"कधीपासून?"

"सर्दी आहे. उन्हाळ्यापासून."

"सर्दी एवढा मुक्काम ठोकते होय? डॉक्टरकडे गेलास?"

"आणि तो म्हणाला, गेले, तर?"

ताई हात पुसून खाली बसली, गुडघे टेकले. "काय ऐकायचं ते सांग."

त्याने मीटर बघून आवाज खाली आणला. "सगळे सूर एका उंचीचे हवेत. एखादा फुगायला नको, एखादा बुडायला नको."

"या वयात रांगायला लावलंस, मेल्या," म्हणत ताई निघाली. "इथं फुगतोय. इथं बुडाला. इथं तर काहीच नाही रे." खिडकीखाली ती थांबली. डोळे मिटले. "इथं. इथं कसा शहाण्यासारखा बसलाय."

त्याने पेटी तिथे ठेवली. सोफ्यावर मीटर लावून पाहिले. प्रत्येक सुराला आकडा जिथल्या तिथे होता. आपल्याला आनंद का होत नाही हे त्याला कळत होते.

संध्याकाळी भावोजी आले, सोफ्यावर ऐसपैस बसले. "काय रांगोबा, बरोबर बसलाय ना?"

नेहमीचे उत्तर सवयीने ओठांवर आले. त्याने ते गिळले.

"ताईला विचारा," तो म्हणाला.

"का? कान तुझे की तिचे?" भावोजी खो खो हसले आणि आपण एकटेच हसतोय हे लक्षात येऊन थांबले.