वहीत न लिहिलेल्या तीन हाका

अर्जदार : मयताचा धाकटा भाऊ, वय त्रेपन्न, धंदा अर्ज लिहिणे, राहणार दौलतगंज, लष्कर भाग.
मयत : थोरला भाऊ, निवृत्त अधिकारी, राहणार दर्पण कॉलनी.
स्थळ : जयेंद्रगंजातले एक खाजगी रुग्णालय, पहिला मजला, खाट क्रमांक चार.
वेळ : मंगळवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांपासून पुढे.
साक्षीदार : एक, मयताची पत्नी, म्हणजे माझ्या वहिनी. दोन, कामावरची नर्स. तीन, मी स्वतः.

नावे मुद्दाम गाळली आहेत. कचेरीबाहेरच्या माझ्या टेबलावरून बिननावाचा कागद आजवर गेलेला नाही, आणि शहर हिंदी मुलखातले, म्हणून तिथे लिहितो तेही हिंदीत. हा मराठीत आहे, कारण तो ज्यांनी वाचावा अशी माझी इच्छा आहे, त्या वहिनी घरच्या गोष्टी मराठीतच वाचतात.

माझे शिक्षण अकरावीत अडले. तरीही या शहरातले पदवीधर माझ्यापुढे स्टुलावर बसून मी विचारीन त्याची उत्तरे देतात, याचा मला अभिमान होता आणि आहे. प्रत्येकाला मी एकच शिकवत आलो : आधी वेळ लिहा, मग रडा. रडणाऱ्याला वेळ आठवत नाही, आणि वेळेशिवाय तक्रार उभी राहत नाही.

दादाला माझ्या कामाची लाज वाटे. पाहुण्यांना तो ओळख करून देई, "हा आमचा धाकटा. कचेरीत असतो. आत नाही, बाहेर." पाहुणे हसत. मीही हसे. घराची नोंदणी, पेन्शन, मुलीचे लग्न, कशालाही त्याला माझ्या कागदाची गरज पडली नाही. एकदा तरी पडावी, असे मला मनापासून वाटत असे.

छातीत दुखले म्हणून दाखल केले त्याचा तो तिसरा दिवस. दुसऱ्या सकाळी घरी सोडणार होते. वहिनींचे उजवे मनगट मोडून हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून मोसंबी मी सोलत होतो. वर पंखा खडखडत होता.

"याची पण एक दरख्वास्त देऊन टाक," दादा म्हणाला. "तुझं अक्षर पाहून बंद पडेल बिचारा."

"अहो, कशाला भाऊजींना चिडवता," वहिनी म्हणाल्या.

"चिडवतो कुठे. काम देतोय त्याला."

हे त्याचे शेवटचे बोलणे. मी पुढे केलेली फोड त्याने घेतली नाही. मान कलली. घशातून घोरल्यासारखा एक श्वास आला, मग बऱ्याच वेळाने दुसरा. मला वाटले, झोप लागली. वहिनींना तसे वाटले नाही. त्यांनी नर्सला हाक मारली.

नर्स धावत आली. तिने त्याचे खांदे हलवले, मोठ्याने हाक मारली, मानेवर बोटे ठेवली. मग दारातल्या दुसऱ्या नर्सला ओरडून सांगितले की डॉक्टरांना बोलाव, शॉकचे मशीन आण. मशीन तळमजल्यावर होते. ती खाली पळाली. हिने उशी काढून फेकली, खाटेवर गुडघा टेकला आणि दोन्ही तळहात छातीच्या मधोमध रोवून मोजत मोजत दाबू लागली.

मी हात पुसले, खिशातून वही काढली आणि लिहिले : तीन दहा. नर्स आली. डॉक्टर नाही.

तीन बाराला तिला धाप लागली. "भाईसाहब, इधर आइए. मेरे हाथ थक गए हैं. मैं बताती हूँ, आप दबाइए."

"पहले अपना नाम बताइए," मी म्हणालो.

उन्नीस आणि बीस यांच्या मध्ये तिने नाव सांगितले. मी ते लिहून घेतले.

"अब तो आइए."

प्लास्टरचा हात छातीशी धरून वहिनी खाटेभोवती फिरत होत्या. "भाऊजी, ती तुम्हाला बोलावते आहे. माझा हात चालत असता तर मी केलं असतं. जा ना."

"वहिनी, लिहू द्या. उद्या हेच कामाला येईल."

हे मी शांतपणे म्हणालो. त्या क्षणी मनात दुःख नव्हते, हे कबूल करतो. दादाला अखेर माझ्या कागदाची गरज पडली होती, आणि असा कागद या शहरात दुसरा कोणी लिहू शकत नव्हता. नर्सने तिसऱ्यांदा हाक मारली, नंतर मारली नाही. मी लिहिले : तीन चौदा. दाब हलका. मध्ये मध्ये थांबते.

तीन सतराला डॉक्टर आणि मशीन एकदमच आले. शॉक दिले, इंजेक्शने दिली. पावणेचारला डॉक्टरांनी मान हलवली.

तक्रार सात पानांची झाली. चौकशी समितीत एक वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली.

"बहुत अच्छा लिखा है," त्या म्हणाल्या. "एक-एक मिनट का हिसाब है. आप बिस्तर से कितनी दूर थे?"

"दो हाथ."

"और दोनों हाथों में क्या था?"

"कॉपी. और कलम."

"हर दो मिनट में दबाने वाला बदलना पड़ता है. थके हाथ से खून दिमाग तक नहीं पहुँचता. बताने पर कोई भी कर लेता है, आप भी कर लेते." मग म्हणाल्या, "बचते या नहीं, यह मैं नहीं कह सकती." हे त्यांनी लिहून घेतले नाही.

निकालात डॉक्टरांना उशिराबद्दल समज मिळाली. नर्सला कामावरून काढले. आधार माझी तीन चौदाची ओळ. निकालाची नक्कल घेऊन मी त्याच संध्याकाळी दर्पण कॉलनीत गेलो. वहिनींनी ती दारातच उभ्याने वाचली.

"सगळं बरोबर आहे. तुमचा कागद बरोबरच असतो. तिने तुम्हाला तीनदा बोलावलं, ते कुठे आहे?"

"त्याची जरूर नव्हती."

"आणि ती घरी बसली, त्याची होती?"

"मी हात लावला असता तर दादा वाचला असता, असं कोणीच सांगू शकत नाही."

"नाही सांगू शकत," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर मला झोप नाही. ते लिहून द्या, मग घरात या." त्यांनी दार लावले. त्या दिवाळीला फराळाचा डबा आला नाही, त्यानंतरच्याही नाही.

सबब पुरवणी निवेदन करतो की, तीन बाराला नर्सने अर्जदारास हाक मारली. अर्जदार दोन हातांवर उभा असून धडधाकट होता. तीन तेराला पुन्हा मारली. तीन चौदाला तिसऱ्यांदा मारली, तेव्हा अर्जदाराने मान वर केली नाही. दाब हलका पडला तो त्यानंतर.

या मजकुराची हिंदी प्रत समितीकडे दिली असून नर्सला कामावर परत घ्यावे अशी मागणी केली आहे. ही प्रत वहिनींच्या सेवेशी. आपण घातलेल्या अटीप्रमाणे लिहून दिले आहे. घरात येण्याबाबतचा निर्णय अर्जदारास कळवावा. तो विरुद्ध असला तरी मान्य राहील. उत्तर मात्र मिळावे, ही विनंती.